सुध्या, ताईचा रिपोर्ट आलाय

प्रिय सुध्या,

तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, तो विषय संपला. लिहितोय ते ताईबद्दल. टाचेखालचा तो काळा डाग, ज्याला सगळे भोवरी म्हणत होते, तो मेलानोमा निघाला रे, त्वचेचा कॅन्सर. डाग काढला, जांघेतली लिम्फ नोड तपासली तर तिच्यातही कॅन्सरच्या पेशी. स्टेज तीन.

आता घरी जो येतो तो म्हणतो इम्युनिटी वाढवा. तुझ्या किडनी ट्रान्सप्लांटनंतर हेच चाललं होतं ना, विन्याच्या आईची ती पावडर मी फेकली म्हणून तू माझ्याशी बोलणं सोडलं होतंस. ते भांडण मीच जिंकलो, आता तरी कबूल कर.

पण खरंच, वाढवायची म्हणजे कोणती इम्युनिटी? रिपोर्टमध्ये लिहिलंय लिम्फोसाइट्स आहेत पण ब्रिस्क नाहीत, म्हणजे कॅन्सर मारणाऱ्या टी पेशी इथेतिथे तुरळक. त्यात डागावर जखम होती. जखमेकडे न्यूट्रोफिल्स, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, धावणारच, पण 2014 मध्ये उंदरांवर दिसलं की न्यूट्रोफिल्सची अशी सूज असली की मेलानोमाच्या पेशी रक्तवाहिन्यांना बाहेरून चिकटून सरकतात आणि फुप्फुसात जास्त गाठी होतात. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी, तर गाठीत जाऊन बऱ्याचदा तिच्याच बाजूने वागतात, तिला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात, टी पेशींना गप्प करतात. आपल्याच शरीरातल्या पेशी रे! रात्री हेच डोक्यात फिरतं.

ट्रीटमेंट म्हणजे वर्षभर सलाईनमधून पीडी-1 अडवणारं औषध. पीडी-1 हा टी पेशींचा ब्रेक, तो सोडवायचा. ॲलिसन आणि होन्जो यांना 2018 चं नोबेल अशाच ब्रेकवरच्या कामाला मिळालं. ब्रेक सुटला की त्या पेशी थायरॉइड, आतडी कशावरही जाऊ शकतात, त्याची भीती आहेच, पण मला जास्त भीती याची की सोडवायला तिथे टी पेशीच कमी असल्या तर? डॉक्टर म्हणतात तुरळक असल्या तरी औषध लागू पडू शकतं. मी त्या 'शकतं'ला धरून बसलोय.

हे तुलाच कळेल, कारण त्याच पेशी गप्प राहाव्यात म्हणून तू रोज टॅक्रोलिमस घेतोस. ताई म्हणाली, "सुध्याला सांग, त्याला नकोशा झालेल्या टी पेशी मला कुरिअर कर." हसली आणि मग बराच वेळ गप्प.

2003 मध्ये छापून आलेली एक केस आहे, डोनरचा मेलानोमा 16 वर्षांपूर्वी काढलेला, बरा झाला असंच सगळे धरून चाललेले, आणि दोन्ही किडन्या घेणाऱ्यांना मेलानोमा झाला. म्हणजे बहुधा इतकी वर्षं त्या पेशी डोनरच्या इम्युनिटीने दाबून धरल्या होत्या. तू घाबरू नकोस, तुझी किडनी काकूंची आहे. पण मला यात आशाही दिसते, 16 वर्षं दाबून धरता येतात म्हणजे बघ! ताईला तेवढी मिळाली तरी मला चालतील.

नवीन जॉब लागला म्हणे, मस्त. वहिनींना नमस्कार, चिनूची परीक्षा कशी गेली?

आणि सुध्या, तुझ्या गोळ्यांनी स्किन कॅन्सरचा धोका वाढतो, हे तुझ्या डॉक्टरांनी सांगितलं असेलच. वर्षातून एकदा पूर्ण त्वचा दाखव, तळपाय आणि नखांखालीसुद्धा. टाळाटाळ केलीस तर मी स्वतः घेऊन जाईन. पहिलं सलाईन सोमवारी आहे, त्याआधी ताईला एक फोन कर, माझ्यापेक्षा तुझं ऐकते ती.

तुझा,
मंद्या