डॉक्टरांना त्रास होईल म्हणून गप्प बसू नकोस

प्रिय राणी,

तुझा मेसेज परत परत वाचला. गरोदरपणात बीपी वाढलंय याचं टेन्शन आहेच, पण त्याहून जास्त काळजी वाटली ती तू शेवटी जे लिहिलंयस त्याची, की डोकं दुखतंय पण डॉक्टर घाईत होत्या म्हणून बोलले नाही, उगीच त्यांना त्रास कशाला. अगं होऊ दे ना त्रास! तुला हाय रिस्कमध्ये धरलंय ते तुझ्याकडे जास्त लक्ष द्यायचं म्हणूनच ना, आणि तूच अर्धं पोटात ठेवलंस तर त्यांना कळणार कुठून?

एवढं वाचून झालं की आधी त्यांना फोन कर, बाकीचं पत्र नंतर वाच. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं की डॉक्टर प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणारा गंभीर आजार, तर नाही ना ते बघतात. हा नुसता बीपीचा आजार नाहीये, किडनी, लिव्हर, मेंदू सगळीकडे त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून तर लघवीतलं प्रोटीन, प्लेटलेट्स, लिव्हरच्या टेस्ट करायला सांगतात. गोळी घेऊनही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं नाहीतर अंधुक दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं (हे ॲसिडिटी समजून फार बायका अंगावर काढतात), चेहरा आणि हात अचानक सुजणं, दम लागणं, यातलं एक जरी झालं तरी पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, लगेच फोन, रात्र असली तरी. आणि मशीनवर १६०/११० दिसलं तर तुला काहीही होत नसलं तरी ताबडतोब हॉस्पिटल.

माझ्या वेळचं तुला पूर्ण कधी सांगितलंच नाही. बत्तिसावा आठवडा चालू होता, मी हॉस्पिटलला फोन केला तर पलीकडून उत्तर आलं की आराम करा, या दिवसांत होतं असं, सोमवारी या. मी म्हटलं, बत्तिसावा आठवडा आहे, बीपी १५८/१०४ आहे, पॅरासिटामॉल घेऊनही डोकं थांबलेलं नाही, डोळ्यांपुढे ठिपके येतायत, हे आत्ता डॉक्टरांना सांगा, मी फोनवर थांबते. आवाज चढवला नाही, पण फोनही ठेवला नाही. त्याच संध्याकाळी ॲडमिट केलं, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट चालू केलं आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉईडची इंजेक्शनं दिली. नुसतं 'बरं वाटत नाहीये' म्हटलं असतं तर मला सोमवारचीच वेळ मिळाली असती असं मला आजही ठाम वाटतं. म्हणून तुला सांगते, आकडा सांग, कितवा आठवडा ते सांग, कधीपासून होतंय आणि काय केल्याने थांबलं नाही ते सांग.

घरचं बीपी पण नीट घे हां, नाहीतर आकड्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. पाच मिनिटं शांत बस, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या लेव्हलला, मध्ये बोलायचं नाही, आणि पट्टा दंडाला बरोबर बसतोय का बघ, लहान पट्ट्याने आकडा उगीच जास्त येतो. एका मिनिटाने परत घे, दोन्ही आकडे वेळेसकट लिहून ठेव. बीपीच्या गोळ्या मात्र आकडा चांगला आला म्हणून आपल्या मनाने कमी करू नकोस.

बाळाच्या हालचालीचंही तसंच. शेवटी शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं असं तुला पण कोणीतरी सांगेल, ते खरं नाही. नेहमीपेक्षा कमी वाटलं की त्याच दिवशी जायचं, उद्या बघू नाही. आणि काही निघालं नाही, परत घरी पाठवलं, तर त्यात लाजायचं काय? दुसऱ्या दिवशी परत तसं वाटलं तर परत जायचं.

टेनिसवाली सेरेना विल्यम्स माहितीये ना, २०१७ मध्ये तिला मुलगी झाली, सिझेरियन झालं, आणि दुसऱ्याच दिवशी तिला दम लागायला लागला. आधी फुप्फुसात गुठळ्या होऊन गेलेल्या, त्यामुळे तिला हे काय आहे ते कळलं, तिने नर्सला सांगितलं की सीटी स्कॅन करा, रक्त पातळ करायचं औषध द्या. नर्सला वाटलं पेनकिलरमुळे गोंधळलीये. आधी पायांची सोनोग्राफी झाली, मग सीटी, आणि त्यात गुठळ्या निघाल्या. एवढ्या नावाजलेल्या बाईला सुद्धा धरून बसावं लागलं गं, हे वाचून मला खूप राग आला होता.

तुझ्या डॉक्टर चांगल्याच आहेत, त्यांच्याशी भांडायला मी सांगत नाहीये. फक्त 'हे नॉर्मल आहे' एवढ्यावर उठून येऊ नकोस. विचार, की हे अजून काय असू शकतं, ते नाहीये हे कशावरून, आणि काय झालं तर मी लगेच परत यायचं. टेस्ट नको म्हणाल्या तर का नको ते फाइलमध्ये लिहा म्हणावं, लिहायची वेळ आली की माणूस परत एकदा विचार करतो. तरी पटलं नाही तर रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखव, त्यात कसला आलाय अपमान. नवऱ्याला आत घेऊन जा, त्याने लिहून घ्यायचं, आणि तुला बोलता येत नसेल तेव्हा त्यानेच बोलायचं, हे त्याला आत्ताच सांगून ठेव.

डिलिव्हरी झाली की सगळे बाळाकडे बघतात, आईचं बीपी बघायचं राहून जातं. पण प्रीएक्लॅम्पसिया नंतरही होऊ शकतो, सहा आठवड्यांपर्यंत, आणि बीपी बऱ्याचदा तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, म्हणजे नेमकं घरी आल्यावर. डिस्चार्जच्या आधी विचारून घे की घरी बीपी किती वेळा घ्यायचं, किती झालं की यायचं आणि रात्री कोणता नंबर लावायचा.

फोन केलास की डॉक्टर काय म्हणाल्या ते मला लगेच कळव, मी जागी आहे. आणि पुढच्या व्हिजिटच्या आदल्या रात्री आपण दोघी बसून प्रश्न लिहून काढू.

तुझीच

(तुला माहितीच आहे कोण)