सहावा माणूस कापला कुणी?

मा. संपादक,
स. न.

रविवार पुरवणीत व्यक्तिचित्रांतल्या हॅट्सवरच्या लेखासोबत डच चित्रकार रेम्ब्रांटचं ॲमस्टरडॅमच्या कापड-पारख्यांचं, म्हणजे कापडाचा दर्जा तपासणाऱ्यांचं चित्र (1662) छापलंत, आभार. अर्ध्या चित्रापुरतेच, कारण अर्धंच छापलंय. मूळ चित्र सुमारे 279 सेंमी रुंद आणि 191 उंच. उभ्या रकान्यात मावेना म्हणून उजवीकडचे तिघे उडवलेत. त्यातच नेमका फ्रान्स बेल गेला.

बेल हा पारख्यांच्या मंडळाचा नोकर, त्यांच्या मागे उभा. पाचही पारख्यांच्या डोक्यावर रुंद काठाची काळी हॅट. बेलच्या टाळूला चिकटलेली छोटी टोपी. एक पारखी खुर्चीतून अर्धवट उठतोय, तरी त्याची हॅट जागेवर! तेव्हाच्या हॉलंडात पुरुष घरातही हॅट घालून बसत. काढायची ती वरिष्ठांपुढे. लेखाचा सगळा मुद्दा बेलच्या डोक्यावर उभा होता आणि कात्री तिथेच चालली.

चित्राखाली ‘कापडी हॅट्स’ असं लिहिलंय. अहो, त्या फेल्टच्या. विणलेल्या नव्हेत, प्राण्यांची लव वाफ आणि दाब देऊन घट्ट केलेल्या. बीव्हरच्या लवीची सर्वांत महाग, कारण भिजली तरी काठ लोंबत नाही. शिवाय या पाचांत दोन कॅथलिक, एक मेनोनाइट, एक रेमॉन्स्ट्रंट, एक रिफॉर्म्ड. ख्रिस्ती पंथ चार, हॅटचा घाट एकच. हॅट इथे धर्म नव्हे, हुद्दा सांगते. या पंथांबद्दल लेखात एक ओळही नाही.

‘डोकं उघडं करणं म्हणजे जगभर आदर’ हे वाक्य तर थोरच. पेशव्यांच्या दरबारात बोडक्याने जाऊन पाहायचं होतं!

छपाईबद्दल काय बोलावं? हॅट, केस, अंगरखा, सगळं एकच डांबर. न्यूजप्रिंटवर शाई पसरते, छपाईचा प्रत्येक ठिपका फुगतो. म्हणून चारही रंगांच्या शाईची (प्रत्येकी जास्तीत जास्त 100 टक्के) बेरीज 240 टक्क्यांच्या आसपास रोखायची, सावल्या आधीच उजळून घ्यायच्या आणि मग छपाईची प्लेट काढायची. तुम्ही काळ्याखाली बाकीचे तिन्ही रंग भरभरून ओतलेत. ते पाठच्या पानावरच्या शब्दकोड्यात फुटले आणि खालच्या कोपऱ्यातल्या चौकटींचे आकडेही दिसेनात.

चित्र पुन्हा छापणार असाल तर आडवं आणि पानभर रुंद छापा. आठ रकान्यांत सहाही माणसं मावतात; जाहिरात खाली सरकवा. आणि ते शब्दकोडंही पुन्हा द्या, कृपया दुसऱ्या पानावर.

आपला,
एक वाचक, नाशिक