तौलनिक राजकारण शिकवणाऱ्या आमच्या रविवारच्या मॅडमना

मॅडम, नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ग्रुपवर कुणी तुमचं कौतुक टाकलं की तुम्ही लगेच "बास आता, असाइनमेंट कुठंय" असं टाकता हे सगळ्यांना माहितीये. पण रिझल्ट लागला, आपला अख्खा वर्ग पास झाला, आणि हात जोडलेला इमोजी टाकून विषय संपवायचा म्हणजे बरं नाही वाटत, म्हणून जरा ऐसपैस लिहितोय. ओळखणारे ओळखतीलच.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुक्त विद्यापीठाचं आमचं अभ्यासकेंद्र नाशकातच, संपर्कसत्रं रविवारी, आणि वर्गात बसणारे म्हणजे अंबड-सातपूरला शिफ्ट करणारे आमच्यासारखे, दोन-तीन अंगणवाडीच्या ताया, एक रिक्षावाले काका, पिंपळगावहून द्राक्षबागेची कामं टाकून येणारा एक पोरगा, आणि एमपीएससीवाले तर काय सगळीकडंच असतात. तौलनिक राजकारण (म्हणजे वेगवेगळ्या देशांच्या राज्यव्यवस्थांची तुलना) कुणी हौसेनं घेतलं होतं अशातला भाग नाही, पेपर होता म्हणून होता. गाईडमध्ये ब्रिटनची वैशिष्ट्ये, अमेरिकेची वैशिष्ट्ये, स्वित्झर्लंडची वैशिष्ट्ये, प्रत्येकी दहा मुद्दे, पाठ करायचे आणि ओतून मोकळं व्हायचं, एवढीच आमची तयारी.

तुम्ही पहिल्याच रविवारी ते गाईड बॅगेत ठेवायला लावलं (फेकायला नाही, आदल्या रात्री लागेल म्हणालात, आणि लागलंच) आणि विचारलं की दोन देश शेजारी शेजारी लिहिले म्हणजे तुलना झाली का? ॲरिस्टॉटल आणि त्याच्या शिष्यांनी म्हणे १५८ राज्यघटनांची माहिती गोळा केली होती, पण त्याला नुसती यादी नको होती, कुठली राज्यं टिकतात आणि कुठली कशामुळं कोसळतात हे शोधायचं होतं. म्हणजे आधी प्रश्न, मग देश. हे मला लगेच पटलं, कारण मशीनवर जॉब (म्हणजे बनवलेले पार्ट) रिजेक्ट व्हायला लागले की टूल, कूलंट, ऑफसेट सगळं एकदम बदलून चालत नाही, मग फॉल्ट कशात होता ते कधीच कळत नाही, एकेक बदलूनच बघावं लागतं.

न्यूझीलंड तुम्ही अगदी तसंच शिकवलं. देश तोच, लोक तेच, पार्लमेंट ब्रिटिश धाटणीचंच, बदलली फक्त निवडणुकीची पद्धत. १९७८ आणि १९८१ ला तिथं लेबर पक्षाला मतं जास्त पडली तरी सरकार नॅशनल पक्षाचं आलं, लोकांच्या मनात ते राहिलं, पुढं १९९३ ला सार्वमत झालं आणि १९९६ च्या निवडणुकीपासून 'ज्याला जास्त मतं तो निवडून आला' ही आपल्यासारखी पद्धत जाऊन जर्मनीसारखी दोन मतांची आली, एक मत मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि एक पक्षाला, आणि कुणाच्या एकूण जागा किती हे पक्षाच्या मतांवरून ठरणार. त्यानंतर एकाच पक्षाला स्वतःच्या जोरावर बहुमत मिळालं ते एकदाच, २०२० ला, १२० पैकी ६५. बाकी प्रत्येक वेळी जुळवाजुळव. ब्रिटननं जुनीच पद्धत ठेवली, २०११ ला बदलायचं का म्हणून सार्वमत घेतलं तेही पडलं, आणि २०२४ ला तिथल्या लेबरनं ३४ टक्क्यांच्या आसपास मतांवर ६५० पैकी ४११ जागा नेल्या.

यावर मागून कुणीतरी मुद्दाम आपल्याकडचं विचारलं. तुम्ही फळ्यावर भाजपचं २०१४ लिहिलं, ३१ टक्के मतं आणि २८२ जागा, आणि त्याच्या शेजारी काँग्रेसचं १९८४, ४९ टक्क्यांच्या आसपास मतं आणि चारशेच्या वर जागा. वर्गात दोन्हीकडची पोरं होती, दोन्हीकडची गप्प.

पण मला विचाराल तर सगळ्यात भारी झाला तो सहलीचा रविवार. एक दिवसाची सहल कुठं काढायची यावर मतदान घेतलंत, वहीची पानं फाडून चिठ्ठ्या केल्या, सापुतारा, भंडारदरा आणि त्र्यंबकेश्वर असे तीन उमेदवार, आणि तुम्ही म्हणालात की टिकमार्क करायचा नाही, १, २, ३ असे आकडे घालायचे. मतदार २३. पहिल्या पसंतीची मतं मोजली तर सापुतारा ९, भंडारदरा ८, त्र्यंबक ६. सापुतारावाल्यांनी टाळ्या पण वाजवल्या. मग तुम्ही शांतपणे कोटा मांडला, २३ च्या निम्म्याहून जास्त म्हणजे १२, तो कुणाचाच झालेला नाही, मग सगळ्यात मागे असलेलं त्र्यंबक बाद, त्याच्या सहा चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती बघा. पाच भंडारदऱ्याला, एक सापुताऱ्याला. झालं, भंडारदरा १३, सापुतारा १०, आणि वर्गात असला गोंधळ की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. कागदाच्या चिठ्ठ्या असून एकानं ईव्हीएमवर शंका घेतली! (सहल काही झाली नाही. परीक्षा आल्या.)

मग तुम्ही सांगितलं की विधान परिषदेच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघात आपल्या नाशिक विभागात हेच चालतं, केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या पेननंच आकडा घालायचा, टिकमार्क केला तर मत बाद, आणि पहिल्या फेरीत कोटा कुणाचा झाला नाही तर खालून एकेक उमेदवार बाद करत मोजणी लांबत जाते. ऑस्ट्रेलियाच्या कनिष्ठ सभागृहालाही पसंतीक्रमच, पण तिथं सगळ्या नावांपुढं आकडे घालावेच लागतात, आपल्याकडं नुसती पहिली पसंती दिली तरी मत चालतं. हा एवढासा फरक, पण ज्याचे मतदार दुसरा आकडा घालतच नाहीत त्याची चिठ्ठी त्याच्याबरोबरच संपते. मी पदवीधर झालो आणि त्याला तीन वर्षं झाली की पदवीधरांच्या त्या यादीत नाव घालता येईल, हे पण तुमच्यामुळंच कळलं, नाहीतर ते मास्तर लोकांचं काहीतरी असतं एवढंच डोक्यात होतं.

महापालिकेचं पण तसंच. २०१७ ला आपल्याकडं ३१ प्रभाग आणि १२२ नगरसेवक, बहुतेक प्रभागांत चार-चार जागा, आमच्या आईला तेव्हापासून एकच प्रश्न की चार-चार बटणं कशाला दाबायची. मला वाटायचं चार जण निवडायचे म्हणजे ज्याला जेवढी मतं त्याला तेवढ्या जागा असं काहीतरी असणार. तुम्ही अ, ब, क, ड चे चार रकाने आखून दाखवलं की या चार वेगवेगळ्या निवडणुका आहेत, एका खोलीत घेतलेल्या, आणि ज्याचं पॅनल जरा पुढं तो चारही घेऊन जाऊ शकतो. घरी जाऊन आईला तसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली मग एकच बटण ठेवा की. तिच्याशी कोण वाद घालणार.

आणि जर्मनी! १९९९ चं वाजपेयी सरकार एका मतानं पडलं, २६९ विरुद्ध २७०, हे आमच्या वर्गात सगळ्यांना तोंडपाठ, रिक्षावाले काका तर काल घडल्यासारखं सांगतात. पाडणाऱ्यांना पर्यायी सरकार काही बनवता आलं नाही आणि शेवटी देश निवडणुकीला गेला. त्यावर तुम्ही जर्मनीच्या घटनेचं कलम ६७ काढलं. तिथं चॅन्सेलरवर (म्हणजे तिथल्या पंतप्रधानावर) अविश्वास आणायचा तर त्याच ठरावात पुढचा चॅन्सेलर निवडून द्यावा लागतो, कारण १९४९ ची घटना करणाऱ्यांनी वायमार काळात (हिटलरच्या आधीच्या लोकशाहीत) बघितलं होतं की एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष सरकार पाडायला एकत्र येतात आणि चालवायला कुणीच येत नाही. १९७२ ला चॅन्सेलर ब्रँट यांच्यावरचा असा ठराव दोन मतांनी हुकला, १९८२ ला श्मिट गेले आणि त्याच मतदानानं कोल आले. काका खूश, म्हणाले बघा, आपल्याकडं हे असतं तर वाजपेयी पडलेच नसते.

तिथं दुसरं कुणी असतं तर "बरोबर" म्हणून पुढं गेलं असतं. तुम्ही काकांना विचारलं, "काका, तो अविश्वास ठराव होता की विश्वासदर्शक?" काका थांबले. १९९९ चा विश्वासदर्शक होता, सरकारनं स्वतः मांडलेला. आणि जर्मनीत चॅन्सेलरनं स्वतः विश्वास मागितला आणि हरला तर कलम ६७ लागतच नाही, ६८ लागतं, मग तो राष्ट्राध्यक्षांना सभागृह विसर्जित करायला सुचवू शकतो, डिसेंबर २०२४ ला शोल्झ यांचं तेच झालं आणि फेब्रुवारी २०२५ ला मुदतीआधी निवडणूक लागली. म्हणजे काकांची तुलना अर्धी बरोबर. काकांना राग नाही आला, उलट पुढच्या रविवारी ते स्वतः दोन्ही कलमं वहीत उतरवून घेऊन आले होते.

सेकंड शिफ्टवाल्यांनी त्यांचे आभार वेगळे सांगायला सांगितलंय, ते सांगतो. मार्चएंडला कंपन्यांत रविवारी पण ओव्हरटाइम लागला आणि आमचे चार-पाच जण सलग गैरहजर. तुम्ही त्यांच्यासाठी व्हॉइस नोट टाकायला लागलात. फ्रान्सवरची तर सगळ्यांनी जपून ठेवलीये, राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि पंतप्रधान दुसऱ्या पक्षाचा, १९८६ ला राष्ट्राध्यक्ष मित्तराँ आणि पंतप्रधान शिराक कसे एकत्र नांदले ते तुम्ही सांगताय आणि मागं कुकरची शिट्टी, मग "एक मिनिट हं" करून तुम्ही गॅस बंद करताय, परत येऊन त्याच वाक्यापासून सुरू. समंत्रकाला (म्हणजे अभ्यासकेंद्रावर शिकवणाऱ्याला) रविवारच्या सत्राचं मानधन मिळतं ते किती असतं आम्हाला अंदाज आहे, कुकरसमोर उभं राहून शिकवायचं त्यात नक्की धरलेलं नसणार.

एक तक्रार पण लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल नुसती स्तुती आहे, मार्क कापते. चीन तुम्ही एका रविवारात उरकला. एकपक्षीय राजवट म्हणून दोन पानं आणि पुढं चला, हे काही पटलं नाही, उलट निवडणुकीशिवाय तिथला कारभार कसा चालतो, खालचा अधिकारी वर कसा जातो, हे आम्हाला जास्त विचारायचं होतं. पुढच्या बॅचला तरी दोन रविवार द्या.

बाकी पेढे आणायचे राहिलेत, ते पुढच्या सत्राला. आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर तुम्हीच घेणार आहात का ते ग्रुपवर टाका, कारण अंगणवाडीच्या ताया म्हणतायत की तुम्ही असाल तरच फॉर्म भरायचा, आणि फॉर्मची तारीख जवळ आलीये.

तुमचा,
मागच्या बाकावरचा, अंबडवाला