भाऊबीजेनंतरची कात्रजची सहल

पालकहो, भाऊबीजेनंतरच्या गुरुवारी आपल्या दिव्यांग मुलांना घेऊन कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात जाऊ. रविवारची गर्दी आपल्या मुलांना सोसत नाही आणि बुधवारी ते बंद असतं. दार उघडताच आत शिरू, कारण अकरानंतर ऊन चढतं. फिटची औषधं चालू असतील तर डोस मुळीच चुकवू नका. आत चालणं बरंच आहे, तेव्हा व्हीलचेअर आणाच. बॅटरीवरच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. आवाजाने बावरणाऱ्यांसाठी हेडफोन, जादा डायपर, कपड्यांचा एक जोड आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) बरोबर घ्या. मुलाच्या खिशात तुमच्या फोन नंबरची चिठ्ठी हवीच. भावंडांनाही आणा, सुट्टी त्यांचीही आहे. मूल मध्येच थकलं, रडलं तर खुशाल निघा. कोणी काही म्हणणार नाही. नावं लक्ष्मीपूजनाआधी कळवा.