रामगुलाम यांच्यावर अन्याय करणारा लेख

संपादक महोदय,
स. न.

कालच्या पुरवणीतला मॉरिशसवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांच्याबद्दल लेखात सांगितलंय काय, तर १९६५ ला तेव्हा मॉरिशसचाच भाग असलेली चागोस बेटं ब्रिटिशांना देऊन बसले आणि १९८२ च्या निवडणुकीत मॉरिशस बेटावरच्या साठच्या साठ जागा हरले. झालं? चागोसचा ठपका त्यांच्यावर आहे, तो मी पुसत नाही, पण तेव्हा देश वसाहत होता आणि स्वातंत्र्य ज्यांच्या हातात तेच बेटं मागत होते, एवढं एका ओळीत यायला नको?

बिहारमधून मॉरिशसला आलेल्या गरीब मजुराचा मुलगा, लहानपणीच एक डोळा अधू झालेला, लंडनला डॉक्टर होऊन १९३५ ला परत येतो, नुसती प्रॅक्टिस करून आरामात जगता आलं असतं, तो १९६८ ला देशाचा पहिला पंतप्रधान होतो, हे सगळं लेखकाने दोन ओळीत उरकलंय.

आमच्या रत्नागिरीच्या घरी मागे मॉरिशसच्या एक मराठी बाई आल्या होत्या, पणजोबांचं गाव शोधत. जेवताना क्रिओल, म्हणजे तिथली बोली, मिसळलेल्या मराठीत सांगत होत्या, की थोरल्या बहिणीची शाळा सहावीलाच सुटली, पुढची फी वडिलांना झेपेना, म्हणून ती आईबरोबर उसाच्या मळ्यात जायला लागली. ह्यांची सहावी झाली आणि नेमकं १९७७ ला रामगुलाम सरकारने माध्यमिक शिक्षण सगळ्यांना फुकट केलं. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. "ताई माझ्याहून हुशार होती," म्हणाल्या आणि हातातला घास तसाच राहिला. त्यांच्या घरी आजही डॉक्टरांचा फोटो देवघराशेजारी आहे. आणि तुमच्या अख्ख्या पानावर त्या मोफत शिक्षणाचा शब्द नाही! सरकारी दवाखान्यात फुकट उपचार मिळतात तेही नाही.

आणि फोटो? खाली नाव शिवसागर आणि वर फोटो मुलाचा, नवीन रामगुलाम यांचा, जे २०२४ पासून पुन्हा पंतप्रधान आहेत. तेही डॉक्टरच, म्हणून घोळ झाला असेल, पण वडील १९८५ ला वारले, कुणी तपासत नाही का? दुरुस्ती छापा, आणि ती आतल्या पानावर बारीक टायपात नको, त्याच पुरवणीत त्याच जागी छापा.

आपली नियमित वाचक,
रत्नागिरी