तक्रार पत्र: नैराश्याच्या उपचारांचा दावा नाकारल्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

विषय: माझ्या पतींच्या मानसिक उपचारांचा दावा नाकारल्याबद्दल आणि त्यासाठी गावात केलेल्या चौकशीबद्दल तक्रार

महोदय,

मी रावेर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. आमची कौटुंबिक पॉलिसी पाच वर्षांहून अधिक काळ, एकही हप्ता न चुकता चालू आहे. तीव्र नैराश्यामुळे माझ्या पतींना जळगावच्या खासगी रुग्णालयात दाखल करावे लागले. तो दावा तुम्ही नाकारला. पॉलिसी व दाव्याचे क्रमांक सोबतच्या प्रतींवर आहेत.

पहिल्या पत्रात तुम्ही आजाराचा पुरावा म्हणून एक्स-रे किंवा सोनोग्राफीचा रिपोर्ट मागितला. नैराश्य एक्स-रेमध्ये दिसत नाही. रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून, तपासून मानसोपचारतज्ज्ञ त्याचे निदान करतात आणि ते निदान, रोजच्या नोंदी, डिस्चार्ज कार्ड हे सगळे मी आधीच जोडले होते. दुसऱ्या पत्रात कारण बदलले. आजार आधीपासूनचा होता आणि आम्ही तो लपवला, असा आरोप केलात. आधार काय, तर गावातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे तीन शब्द: ‘झोप येत नाही’. त्या चिठ्ठीवरची तारीख तरी बघायची होती. ती पॉलिसी घेतल्यानंतरची आहे.

ती झोप कशाने उडाली तेही सांगते. काढणीला आलेली केळीची बाग वादळात आडवी झाली. पुढच्या लागवडीवर कुकुंबर मोझॅक हा विषाणूजन्य रोग आला आणि टिश्यू कल्चरची रोपे उपटून फेकावी लागली. सोसायटीचे कर्ज तसेच राहिले. शेतीची वीज रात्रीची, म्हणून मोटार चालू करायला अपरात्री उठायचे. पुढे पुढे वीज नसेल त्या रात्रीही ते जागेच राहू लागले. कळण्याची भाकरी पुढे ठेवली की पहिला घास हातात धरून भिंतीकडे बघत बसायचे, भाकरी ताटात वाळून जायची. असा आजार एकाच कारणाने होत नाही असे डॉक्टर सांगतात, मला ते पटते. पण हे सगळे आमच्या डोळ्यांसमोर, पॉलिसी चालू असताना घडले.

डॉक्टरांपर्यंत पोहोचायलाच आम्हाला फार उशीर झाला. सासूबाईंना बाहेरचे काही वाटले, म्हणून आधी भगत झाला. दीर म्हणाले, जळगावला नेले तर पोरीच्या सोयरिकीत गोष्ट निघेल. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, खान्देशात एकही नाही. शेवटी एका रात्री मी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या ताईंनी मराठीत, अजिबात घाई न करता ऐकून घेतले आणि आता तज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका, असे समजावले. त्या फोनने मला धीर आला. रुग्णालयाचे बिल मी पोत मोडून भरले.

आणि मग तुमचा तपासनीस गावात आला. आमच्या घरी येण्याआधी तो स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर गेला आणि ‘ह्यांना वेडाचे झटके कधीपासून येतात?’ असे चार लोकांत विचारले. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळले. आता माझे पती फॉलोअपला यायला तयार नाहीत. स्टँडवर लोक बघतात, म्हणतात. सुधारत असलेल्या माणसाचे हे नुकसान तुमच्या माणसाने केले आहे आणि मला त्याचा पैशांपेक्षा जास्त राग आहे. गावात आणखीही काही घरांत असे माणूस आहे, मला माहीत आहे. आमची गत बघून ती घरे एवढेच शिकतील की डॉक्टरांना ‘झोप लागत नाही’ एवढेही सांगू नका, कागदावर आले तर क्लेम जातो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 21 प्रमाणे विमा कंपनीने शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा द्यायचा, त्याच आधारावर मानसिक आजारालाही द्यायचा आहे. कलम 23 रुग्णाला आजाराबाबत गोपनीयतेचा हक्क देते. सर्व पॉलिसींमध्ये मानसिक आजार समाविष्ट करा, असे विमा नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा बजावले. शिवाय 2024 च्या नियमांनुसार पॉलिसी सलग 60 महिने चालल्यावर, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय, माहिती लपवली म्हणून दावा नाकारता येत नाही. आम्ही कोणती फसवणूक केली ते दाखवा.

दाव्याची पूर्ण रक्कम विलंबाच्या व्याजासह द्यावी. ‘आजार लपवला’ हा शेरा आमच्या नोंदीतून काढून तसे लेखी कळवावे, नाहीतर पुढच्या प्रत्येक नूतनीकरणाला तो आडवा येईल. तपासनीसाच्या वागणुकीबद्दल माझ्या पतींच्या नावे लेखी माफी हवी. ते पत्र बंद लिफाफ्यात थेट घरी पाठवा, एजंटच्या दुकानावर नको. महिनाभरात समाधानकारक उत्तर न आल्यास मी विमा लोकपालांकडे जाईन, कागद तयार आहेत.

आपली विमाधारक,
ता. रावेर, जि. जळगाव

सोबत: नकाराची दोन्ही पत्रे, डिस्चार्ज कार्ड, गावातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, बिले, पॉलिसीच्या पहिल्या वर्षापासूनच्या हप्त्यांच्या पावत्या