चिखलाची तटबंदी आणि तीन गावांची नावं

महोदय,

व्हिएतनाम आणि फ्रेंच यांच्या लढ्यावर मराठीत जे छापून येतं, ते बहुतेक १९५४ च्या दिएन बिएन फूच्या लढाईपासून सुरू होतं. त्याआधीची नव्वदहून अधिक वर्षं 'भाले घेऊन तोफांवर धावून गेले' अशा एका ओळीत उरकली जातात. त्या माणसांवर हा अन्याय आहे.

थान्ह होआ प्रांतातला बा दिन्हचा किल्ला घ्या. फ्रेंचांविरुद्ध व्हिएतनामचा सम्राट हाम न्घी याच्या बाजूने उठलेल्या फाम बान्ह आणि दिन्ह कोंग त्रांग यांनी तो १८८६ मध्ये उभारला. भातखाचरांच्या पाण्यात मौ थिन्ह, थुओंग थो आणि मी खे ही तीन गावं. बाहेर दाट बांबूचं कुंपण, मग अणकुचीदार खुंट रोवलेला खंदक आणि आत सुमारे ३ मीटर उंचीचा, तळाशी ८ ते १० मीटर रुंद तट. हा तट दगडाचा नव्हता. चिखलात पेंढा तुडवून बांबूच्या टोपल्यांत भरायचा आणि टोपल्या एकावर एक रचायच्या. गोळा बसला की दगड फुटतो, त्याच्याच कपच्या आतल्या माणसांना लागतात. पेंढ्याच्या चिखलात गोळा रुततो. चार टोपल्या निसटल्या तर रात्रीत दुसऱ्या बसवता येतात.

फ्रेंचांचा १८ डिसेंबर १८८६ चा हल्ला या तटाने परतवला. खाचरातून येणारा शिपाई धड पळू शकत नाही, लपू शकत नाही, आणि तटातल्या जंग्यांतून तो स्वच्छ दिसतो.

घात झाला तो जागेमुळे. जानेवारीत फ्रेंचांनी वेढा आवळला, तोफा वाढवल्या. पहिल्या महायुद्धात पुढे सरसेनापती झालेला जोफ्र तेव्हा तिथे इंजिनिअर कॅप्टन होता. बाहेरून दारू आणि धान्य आत येण्याची वाटच उरली नाही. ज्या पाण्याने शत्रूला अडवलं, त्यानेच आतल्यांना कोंडलं. २० जानेवारी १८८७ च्या रात्री ते वेढा फोडून निघाले. फ्रेंचांशी आधी लढलेला दुसरा एक बंडखोर, न्गुएन त्रुंग त्रुक, याने १८६१ मध्ये न्हात ताव नदीवर फ्रेंचांची 'एस्पेरान्स' ही युद्धनौका जाळली आणि तो लगेच पसार झाला. तशी मोकळीक इथे नव्हती.

फ्रेंचांनी नंतर तिन्ही गावं उद्ध्वस्त करून त्यांची नावं नकाशावरून पुसली. २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईच्या ज्या चौकात स्वातंत्र्याची घोषणा झाली, त्याचं नाव बा दिन्ह. त्या चौकाचा फोटो पुढच्या वेळी छापाल, तेव्हा खाली या तीन गावांची नावं द्यावीत, ही विनंती.

— एक वाचक